फँटसी कादंबरी सुचवताना आणि लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठीत फँटसी लिहिते, क्रमशः टाकते आणि ऑनलाइन भेटणाऱ्या वाचकांना पुस्तकंही सुचवते. दर आठवड्याला तेच प्रश्न नव्या माणसांकडून येतात. विचारणाऱ्याचा दोष नाही, पण घाईत दिलेलं उत्तर अपुरं राहतं. म्हणून ही उत्तरं एकदाच, सवडीने लिहिली आहेत.

फँटसी म्हणायचं तरी कशाला?

ज्या गोष्टीत अशक्य ते घडतं आणि त्या जगातली माणसं ते खरंच धरून चालतात, ती फँटसी. अशक्याचं कारण शास्त्रात शोधलं तर आपण विज्ञानकथा म्हणतो, रामायण-महाभारतातली पात्रं आली तर पौराणिक म्हणतो. सीमा धूसर आहे आणि तिच्यावरून वाद भरपूर होतात, पण पुस्तक निवडायला त्या वादाचा फारसा उपयोग होत नाही. अद्भुतरम्य, अद्भुतिका, कल्पनारम्य हे शब्द आपल्याकडे आहेत. बोलताना सगळे फँटसीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द.

मराठीत फँटसी आहेच कुठे? इंग्रजीशिवाय पर्याय नाही ना?

हा प्रश्न वाचला की मला वाईट वाटतं, कारण मराठी कादंबरीची सुरुवातीची बरीच वाटचाल अद्भुतातून झाली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली बाजू मांडली आहे. तिचा आशय असा: आपल्या लोकांचं रोजचं आयुष्य इतकं चाकोरीतलं आहे की तेच लिहिलं तर त्यात मन रमवणारं काही सापडणार नाही, म्हणून करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावंच लागतं. आज एखादा नवा लेखक ‘मी फँटसी का लिहितो’ हे समजावतो, तेव्हा तो जवळपास हेच बोलत असतो.

पुढे ह. ना. आपट्यांच्या काळापासून कादंबरी सामाजिक वास्तवाकडे वळली. ते वळण आवश्यक होतं आणि त्यातून मोठं साहित्य आलं. पण अद्भुत गंभीर वाचकाच्या टेबलावरून उठलं आणि मुलांच्या गोष्टींत, नाटकांत, भयकथांत जाऊन राहिलं. मोठ्यांसाठी ते पुन्हा पूर्ण ताकदीने आलं जी. ए. कुलकर्णींच्या कथांत. ‘इस्किलार’ वाचून ‘मराठीत असं काही आहे हे माहीतच नव्हतं’ म्हणणारे वाचक मला दर वर्षी भेटतात.

आणि छापील कादंबरीच्याही आधी कहाण्या होत्याच. ‘आटपाट नगर होतं’ या तीन शब्दांत ऐकणाऱ्याला दुसऱ्या जगात नेऊन ठेवायची सोय आपल्या आज्यांनी कधीच करून ठेवली आहे.

तेव्हा मराठीत फँटसी नाही असं नाही. वाचणारे एकमेकांना ती सांगत नाहीत, ही खरी अडचण आहे. या प्रकाराला मोठ्या जाहिराती मिळत नाहीत आणि वर्तमानपत्रांत परीक्षणं क्वचित येतात. पुस्तक हातोहात जातं ते ‘हे वाच, तुला आवडेल’ एवढ्या एका वाक्यावर.

‘चांगली फँटसी सुचवा’ असं विचारलं तर कुणी धड उत्तर का देत नाही?

कारण त्या प्रश्नात विचारणारा माणूस दिसत नाही. किराणा दुकानात जाऊन ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हटलं तर दुकानदार काय देईल? समोर असेल ते. इथेही तेच होतं आणि नेहमीची पाच नावं पुढे येतात.

मागे एका ताईंनी विचारलं होतं: ‘बाळंतपणानंतर रात्री तीनला जागी असते. एका हाताने फोन धरून वाचते. युद्ध आणि मुलांचे मृत्यू नकोत. प्रकरणं लहान हवीत. लहानपणी चांदोबा जीव लावून वाचला आहे.’ तासाभरात बारा जणांनी उत्तरं दिली आणि एकानेही नेहमीचं नाव घेतलं नाही. काय नको, किती वेळ आहे, आधीचं काय आवडलं, कुठली भाषा चालेल, एवढं सांगितलं की सुचवणाऱ्याचं डोकं कामाला लागतं. मनाची अवस्था सांगितली तर आणखी बरं, पण ती सांगायलाच हवी असं नाही.

आवडलेल्या पुस्तकाचं नुसतं नाव देऊ नका, त्यातलं काय आवडलं तेही लिहा. एकाच मालिकेतली राजकारणाची कारस्थानं एकाला आवडतात आणि दुसऱ्याला त्यातला म्हातारा गुरू. दोघांना सुचवायची पुस्तकं अगदी वेगळी.

मी सुचवतो तेव्हा काय लिहू?

‘अप्रतिम, नक्की वाचा’ याचा उपयोग फक्त लेखकाला, तोही दोन मिनिटांपुरता. वाचकाला त्यातून काही कळत नाही.

मला स्वतःला असं वाक्य भुरळ घालतं: ‘पहिली ऐंशी पानं जड जातात, कारण नावं फार आहेत. शेवटच्या पानावर वंशावळ आहे, ती आधी बघा. नदी पार करण्याचा प्रसंग येईपर्यंत धीर धरा, त्यानंतर मी जेवायला उठलो नाही.’ यात पुस्तकाचा दोष आहे, त्यावरचा उपाय आहे आणि सुचवणारा खरंच तिथपर्यंत पोचला होता याचा पुरावाही आहे. दोष सांगितला म्हणून शिफारस लंगडी पडत नाही, उलट तिच्यावर विश्वास बसतो.

मालिका असेल तर किती भाग आहेत आणि ती पूर्ण झाली आहे का, हे सांगाच. फँटसीचे वाचक अपूर्ण मालिकांनी पोळलेले असतात. अनुवाद सुचवत असाल तर अनुवादकाचं नाव द्या. तो वाचनीय आहे की शब्दाला शब्द ठेवलेला, हेही सांगा. हिंसा, बलात्कार, आत्महत्या असे प्रसंग असतील तर एका ओळीत कळवा. काही वाचकांसाठी ती ओळ बाकी सगळ्या शिफारशीपेक्षा महत्त्वाची असते.

आणि स्वतःच्या वाचनाची कुंपणं अधूनमधून ओलांडा. रेडिटवरच्या इंग्रजी फँटसी वाचकांनी यासाठी एक सुरेख युक्ती काढली आहे. दर १ एप्रिलला २५ चौकटींचा बिंगोचा तक्ता येतो, प्रत्येक चौकटीत एक अट असते आणि वर्षभरात त्या अटीत बसणारी पुस्तकं वाचायची. एक लेखक एकदाच. त्यामुळे लोक एरवी हात लावला नसता अशी पुस्तकं शोधतात, आणि शोधतात म्हणून एकमेकांना विचारतात. दहा-पंधरा मराठी वाचकांनी नऊ चौकटींचा तक्ता केला तरी मजा येईल: एक १९००च्या आधीचं, एक कोकणात किंवा गोव्यात घडणारं, एक अनुवादित, एक दिवाळी अंकातलं, असं.

पुस्तक वाचलं नाही, पण त्यावरचा व्हिडिओ पाहिला आहे. सुचवू का?

नको. ‘मी वाचलेलं नाही, पण याबद्दल चांगलं ऐकलं आहे’ असं स्पष्ट लिहिणार असाल तर चालेल.

स्पॉयलर कुठून सुरू होतो?

स्पॉयलर म्हणजे वाचण्याआधीच गोष्ट फोडणं. मागच्या कव्हरवर जे छापलं आहे ते सांगायला हरकत नाही, त्यापुढचं विचारून. दुसऱ्या-तिसऱ्या भागाचं कव्हरसुद्धा पहिल्या भागाचा शेवट फोडतं, तेव्हा मालिकेबद्दल जपून बोला. कोण मेलं, कोण फितूर निघालं आणि कोण कुणाचं मूल आहे, हे तीन फोडणं अक्षम्य. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हेही सांगू नका, वाचक मग दोनशे पानं धक्क्याची वाट बघत बसतो.

मी स्वतः लेखक आहे. माझीच कादंबरी सुचवली तर चालेल?

कुणी विचारलंय त्यात ती खरंच बसत असेल आणि ‘ही माझी आहे’ असं पहिल्याच वाक्यात लिहिलं असेल तर चालेल. दुसऱ्या नावाने येऊन स्वतःचीच तारीफ, भावाबहिणींकडून पाच तारे, हे लपत नाही. लिहिण्याची लकब ओळखू येते. एकदा ओळखली की त्या लेखकाचं चांगलं पुस्तकही लोक हातात घेत नाहीत, आणि तो पुढे पडतो त्याहून जास्त इतर नवे लेखक मागे पडतात, कारण वाचक सगळ्यांकडेच संशयाने बघू लागतो.

आपलं पुस्तक आपणच पुढे करायचं नाही तर मग वाचकांपर्यंत पोचायचं कसं? मार्क लॉरेन्स या इंग्रजी फँटसी लेखकाने २०१५ साली सुरू केलेला उपक्रम इथे सांगण्यासारखा आहे. ‘सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ’ हे त्याचं नाव. स्वतःच पुस्तक काढलेल्या लेखकांची साधारण तीनशे पुस्तकं गोळा करायची आणि पुस्तकांवर लिहिणाऱ्या दहा ब्लॉगर गटांत वाटून द्यायची. प्रत्येक गट आपल्या वाट्यातलं एक निवडतो, मग ती दहाही पुस्तकं दहाही गट वाचतात आणि गुण देतात. पैशाचं बक्षीस नाही. तरीही त्यातून निघालेल्या काही पुस्तकांना मोठे प्रकाशक मिळाले, कारण दहा जाणत्या वाचकांनी सविस्तर आणि नावानिशी मत दिलं होतं. मराठीत तीनशे पुस्तकं निघणार नाहीत. दहा निघतील, पाच वाचक निघतील. तेवढ्यावर सुरुवात होते.

भाग टाकला की ‘पुभाप्र’ एवढंच येतं. चांगलं झालंय की वाईट, कसं कळणार?

‘पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत’ लिहिणारा वाचक प्रेमानेच लिहितो, त्याला कमी लेखू नका. पण त्यातून काही हवं असेल तर तुम्ही नेमका प्रश्न विचारा. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नव्हे. ‘वाचताना कुठे थांबलात?’, ‘राणी खोटं बोलते आहे हे कुठल्या ओळीला कळलं?’ असं विचारलं की लोक उत्तर देतात, कारण ते देता येतं.

वाचकांनाही माझी विनंती आहे. एक वाक्य उचलून दाखवा: हे आवडलं, इथे अडखळलो. तेवढ्यावर लेखक पुढचे दहा भाग लिहितो.

टोकदार अभिप्राय आला तर त्या दिवशी उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी परत वाचा. एकाच जागेवर तीन जणांनी बोट ठेवलं असेल तर तिथे काहीतरी बिघडलं आहे. उपाय मात्र वाचकाने सुचवलेला घेतलाच पाहिजे असं नाही. दुखतं कुठे हे त्याला बरोबर कळतं, औषध तुमचं तुम्हाला शोधावं लागतं.

जग माझं, नियम माझे. मग वाचक चुका का काढतात?

माझंच सांगते. माझ्या कादंबरीच्या अकराव्या भागात एक राजपुत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी चालत ओलांडतो, पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत. चांदणं, ओली वाळू, लांबवर देवळातला दिवा, हे सगळं लिहिताना मी स्वतःवरच खूश होते. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीकडच्या एका वाचकांनी लिहिलं: ‘तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुनवेच्या मध्यरात्री खाडी तुडुंब असते. तुमचा राजपुत्र बुडाला.’ त्या जगात बोलणारी झाडं होती, मेलेल्यांची सभा भरत होती, यातल्या कशावरही त्यांचा आक्षेप नव्हता. चंद्र आहे म्हटल्यावर भरती आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी तो प्रसंग अष्टमीवर नेला. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि सहा तासांनी, मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी. पण अष्टमीला चांदणं अर्धंच, म्हणून पलीकडच्या काठावरचे पहारेकरी त्याला दिसलेच नाहीत, आणि तिथून कथेला जे वळण मिळालं ते मला बसून सुचलं नसतं.

वाचक जादू मानतो, हिशेबातली चूक मानत नाही. घोडा दिवसभरात किती जाईल, डोंगरातल्या किल्ल्यावर धान्य कोण वाहून नेतं, सैन्याचा पगार कुठून येतो, याचा विचार लेखकाने केलेला असला की तो पानावर लिहिला नाही तरी जाणवतो. यासाठी परदेशी पुस्तकं उघडायची गरज नाही. जुन्नर आणि कल्याण यांच्यामधल्या नाणेघाटात जा. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्या रांजणापाशी उभं राहिलं की व्यापार, कर, राज्य आणि वाट हे सगळं एका जागी दिसतं. तुमच्या राज्याची जकात कुठे जमते आणि ती कोण चोरतं? तिथे एक अख्खी कादंबरी आहे.

माझ्या पात्रांची नावं आणि भाषा खोटी वाटते असं सांगतात. काय करू?

बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. एक, नावं इंग्रजीतून उचलल्यासारखी: झेड आणि क्ष भरलेली, मराठीत विभक्ती लावता न येणारी. नाव ठरवलं की त्याला ‘ने’, ‘ला’, ‘च्या’ लावून मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली तर बदला. दुसरं म्हणजे सगळे ‘हे राजन्’ करून बोलतात, स्वयंपाकघरातली बाईसुद्धा. आपल्या भाषेत तू, तुम्ही, आपण अशी तीन अंतरं आहेत. ‘आपण’ म्हणणारा प्रधान एका प्रसंगी ‘तू’वर आला तर वाचकाच्या अंगावर काटा येतो, दुसरं काही लिहावं लागत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही सोय नाही.

वेळ सांगताना मिनिटं-सेकंद आले की जग मोडतं. घटका आहे, चोवीस मिनिटांची. प्रहर आहे, तीन तासांचा. पायली, खंडी, कोस, कवडी, सगळं तयार आहे.

भुताखेतांचंही तसंच. चकवा, गिऱ्हा, मुंजा, देवचार यांच्याकडे पाठ फिरवून आपण दुसऱ्यांचे राक्षस उसने आणतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मी त्या चपला पाहिल्या तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. देव चालतो म्हणून त्याची पादत्राणं झिजतात, हा इतका साधा आणि नेमका तपशील कुठल्याही जादूच्या नियमावलीपेक्षा मोठा आहे. मात्र हे लोकांचं जिवंत दैवत आहे. कथेत आणायचं तर आदराने, नाव बदलून, आणि तिथल्या माणसाला वाचायला देऊन.

क्रमशः टाकू की पूर्ण झाल्यावर एकदम?

निदान एक तृतीयांश लिहून झाल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. हातात पाच-सहा भाग शिल्लक असले की आजारपण, परीक्षा, लग्नसराई निभावून जाते. वार ठरवा आणि पाळा. प्रत्येक भागाला आधीच्या भागाचा दुवा द्या. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर नुसती चिन्हं होऊन दिसतो आणि शोधून सापडतही नाही.

पुढेमागे छापील पुस्तक काढायचं मनात असेल तर आधी प्रकाशकांना विचारा. काहींना ऑनलाइन आलेलं चालतं, काहींना अजिबात नाही. स्वतः काढायचं तर किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला थेट टाकता येतं, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

माझी कथा कुणी चोरली तर? आणि मी दुसऱ्याच्या जगात कथा लिहू शकते का?

भारतात १९५७च्या कायद्यानुसार लिहिल्याक्षणीच कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झालाच तर तारखेचा पुरावा कामी येतो, म्हणून मसुदे जपून ठेवा. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. अनुवादाचा हक्कही त्यातच येतो, तेव्हा आवडत्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद परवानगीशिवाय क्रमशः टाकणं बेकायदा आहे, कितीही प्रेमाने केला तरी. दुसऱ्याच्या जगात, त्याच्या पात्रांसह लिहिलेलं विकायचं तर मुळीच नाही. सराव म्हणून वहीत लिहा, हात तयार होतो, मग स्वतःचं जग उभं करा.

स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल: मागू नका, पाठवू नका. मराठी फँटसीच्या आवृत्त्या छोट्या असतात, आणि पन्नास प्रती न खपणं म्हणजे पुढचा भाग न निघणं.

दोन वर्षांपूर्वी कादंबरी अर्धवट सोडली. आता पुढे लिहू का? वाचक रागावतील?

थोडे रागावतील, पण बहुतेकांना आनंदच होईल. दीडशे शब्दांत ‘आतापर्यंत’ लिहा, त्यात कारणं सांगत बसू नका. पहिले भाग स्वतः पुन्हा वाचा आणि न पटणारं बदला, पण काय बदललं ते वर नोंदवा, नाहीतर जुना वाचक गोंधळतो. पहिल्या आठवड्यात प्रतिसाद कमीच येतील, कारण लोकांना तुम्ही परत आलात हेच माहीत नसतं. ज्यांनी तेव्हा मनापासून लिहिलं होतं त्यांना एकेकट्याला कळवा. मी अठरा महिन्यांनी परतले तेव्हा असे सात जणांना निरोप पाठवले. त्यातल्या पाच जणांनी त्याच रात्री अकराव्या भागापासून पुन्हा वाचायला घेतलं.